तीन पद्धती, तीन सरपंच

महाड तालुक्यातल्या तळीये गावात २२ जुलै २०२१ रोजी कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्याच दिवसांत शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही डोंगर खाली आला. एवढं सोसलेल्या मुलखात पुढचे निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचे असतात. वस्ती कुठे बसवायची, आधी रस्ता की पाणी की शाळा, आणि हे सगळं तालुक्याला जाऊन रेटणारा सरपंच कोण? अशा प्रश्नांना दोनच उत्तरं असतात असं क्वचितच घडतं. पर्याय तीन-चार असतात आणि मत मात्र एकालाच द्यायचं असतं. माणसाच्या मनात आवडीनिवडीची उतरंड असते. मतदान यंत्र तिच्यातलं फक्त सगळ्यांत वरचं मडकं पाहतं.

मग सगळी उतरंडच मतपत्रिकेवर लिहू दिली, १, २, ३ असा क्रम मागितला, तर न्याय जास्त होईल का? या प्रश्नावरचा हा संवाद आहे. बोलणारी दोघं कल्पित आहेत. त्यांनी दिलेले निवडणुकांचे दाखले खरे आहेत. तात्या निवृत्त मुख्याध्यापक, अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून बसलेले, तळीयेत राहणारे. पुतणी महाडला संख्याशास्त्र शिकवते.

पुतणी: तात्या, तुम्ही कोकण पदवीधर मतदारसंघात मत देता. तिथे उमेदवारांपुढे १, २, ३ लिहिता. मग सरपंच निवडताना तसं मत का नको?

तात्या: कारण दोन्हीकडची मोजणी मला माहीत आहे. ग्रामपंचायतीचा निकाल तहसीलच्या आवारात उभं राहून तासाभरात कळतो. हरलेल्यालाही तो समजतो: त्याला अमुक पडली, मला तमुक. पदवीधरांचं काय होतं? २०२३ ची अमरावतीची निवडणूक आठव. २ फेब्रुवारीला मोजणी सुरू झाली, ती दुसऱ्या दिवशी संपली. रात्रभर गठ्ठे बांधा, उमेदवार बाद करा, त्याची मतं वाटा, पुन्हा बेरीज करा. शिवाय बाद मतं. कुणी बरोबरची खूण करतो, कुणी आकड्याऐवजी अक्षरात ‘एक’ लिहितो, कुणी आयोगाचा जांभळा स्केचपेन सोडून खिशातलं पेन काढतो. ही सगळी पदवी घेतलेली माणसं. मग माझ्या वाडीतल्या म्हातारीचं मत बाद झालं, तर तिच्यावर अन्याय कोणी केला?

पुतणी: म्हातारीला आकडे येतात, तात्या. बचत गटाचा हिशोब तीच ठेवते.

तात्या: तिच्या अकलेबद्दल मला शंका नाही. पण ज्या महाडात चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तिथे बाबासाहेबांचं म्हणणं तरी ऐक. संविधान सभेत लोकसभेसाठी ही पसंतीक्रमाची, म्हणजे संक्रमणीय मताची पद्धत सुचवली गेली, तेव्हा जानेवारी १९४९ मध्ये त्यांनी विरोध केला. साक्षरता नसलेल्या देशात आकड्यांनी मत देणं जमणार नाही, आणि अशा पद्धतीने सभागृहाचे तुकडे होऊन सरकार स्थिर राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुतणी: त्यांचाच दुसरा दाखला मी देते. १९४६ साली बाबासाहेब संविधान सभेत गेले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून. तिथल्या विधानसभेच्या सदस्यांनी पसंतीक्रमाने, संक्रमणीय मताने त्यांना निवडलं. त्या सभागृहात त्यांच्या बाजूचे सदस्य मूठभर होते. बहुमताने सगळ्या जागा घ्यायच्या अशी रीत असती, तर त्या मूठभरांना काहीच मिळालं नसतं. ठरलेला कोटा जमला की जागा मिळते, हा नियम होता म्हणून दार उघडलं. आणि त्यांच्या १९४९ च्या हरकतीतली एक बाजू काळाबरोबर बदलली आहे. साक्षरतेची अडचण आज तेव्हासारखी नाही.

तात्या: दुसरी बाजू, स्थिरतेची, तशीच आहे.

पुतणी: ती अनेक जागांच्या निवडणुकीला लागू आहे. सरपंच एकच असतो. तिथे सभागृहाचे तुकडे होण्याचा प्रश्नच येत नाही. २०१७ साली थेट सरपंच निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. थेट निवडायचाच, तर नीट निवडावा. एक उदाहरण घेऊ. एका गावात तीन वाड्या: वरची, मधली, खालची. प्रत्येकीचा एक उमेदवार. मतदार १०० धरा. ४० जणांचा क्रम आहे वरची, मधली, खालची. ३५ जणांचा खालची, मधली, वरची. उरलेल्या २५ जणांची पहिली पसंती मधली. त्यांतले १६ दुसरा क्रमांक खालचीला देतात आणि ९ वरचीला.

तात्या: आजच्या रीतीने ४० मतं घेऊन वरचीचा सरपंच होतो.

पुतणी: आणि १०० पैकी ५१ जणांनी त्याला शेवटच्या क्रमांकावर ठेवलेलं असतं. आता पदवीधरची रीत लावा. कुणालाच ५१ मिळाली नाहीत, म्हणून सगळ्यांत कमी मतांचा उमेदवार बाद. तो मधलीचा. त्याच्या २५ मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहा: १६ खालचीकडे, ९ वरचीकडे. खालची ५१, वरची ४९. सरपंच खालचीचा.

तात्या: आणि मधलीचा?

पुतणी: तिसरी रीत फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांची, १७८५ सालची. प्रत्येक दोन उमेदवारांची समोरासमोर गाठ घालायची. मधली विरुद्ध वरची: ६० विरुद्ध ४०. मधली विरुद्ध खालची: ६५ विरुद्ध ३५. दोघांनाही मधलीचाच हरवतो. काँदोर्सेंच्याच काळातले बोर्दा गुण द्यायला सांगतात: पहिल्याला २, दुसऱ्याला १, तिसऱ्याला शून्य. तिथेही मधली १२५, वरची ८९, खालची ८६.

तात्या: म्हणजे गाव तेच, माणसं तीच, त्यांच्या मनातलं तेच, आणि मोजायची रीत बदलली की सरपंच बदलतो. यातून तू पसंतीक्रमाची बाजू मांडतेस, पण मला उलटंच दिसतं. आज निदान आपल्याला ठाऊक आहे की ज्याला जास्त पडली तो आला. तुझ्या कागदावर तीन जण ‘मीच लोकांचा’ म्हणत उभे राहतील.

पुतणी: ते तिघंही आज गावात आहेतच, फक्त दिसत नाहीत. १०० पैकी ६० आणि ६५ जण ज्याला समोरच्यापेक्षा बरा मानतात, तो तुमच्या रीतीत तिसरा येतो. तो तिसरा का आला हे कुणाला कळतही नाही.

तात्या: पण तुझ्या पदवीधरच्या रीतीतही तो तिसराच येतो! त्याला तर पहिल्याच फेरीत बाहेर काढलं.

पुतणी: हे मी मान्य करते. बाद फेरीचा सगळ्यांत मोठा दोष हाच आहे. ती पहिल्या पसंतीला फार मानते. जो अनेकांचा दुसरा आहे, त्याला ती ओळखत नाही. आणि हा प्रश्न जिथे उभा राहतो असं एक मोठं भारतीय उदाहरण आपल्या तालुक्यातल्या माणसाचं आहे. चिंतामणराव देशमुख.

तात्या: नाते गावी जन्मलेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडलं त्यांनी.

पुतणी: तेच. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने त्यांना उभं केलं होतं. राष्ट्रपतीची निवड पसंतीक्रमानेच होते. पहिल्या मोजणीत व्ही. व्ही. गिरींना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळालं. कोटा होता ४,१८,१६९. कुणीच तिथे पोचलं नव्हतं. मागचे उमेदवार बाद होत गेले, देशमुखही बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची नावं पाहिली गेली. शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

तात्या: पहिल्या फेरीत पुढे होता तोच आला. मग एवढा खटाटोप कशासाठी?

पुतणी: फरक किती उरला ते बघा. पहिल्या फेरीत तो जवळपास ८८ हजारांचा होता. शेवटी १४,६५० चा. मागच्यांची जी मतं वाटली गेली, त्यांतली रेड्डींना ९१,८७९ मिळाली आणि गिरींना १८,५६२. ती अठरा हजार मिळाली म्हणूनच गिरी कोट्यापलीकडे गेले. दुसरी पसंती तिथे शोभेची नव्हती. म्हणून तर काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पांनी रेड्डींसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाकडे दुसऱ्या पसंतीची मतं मागितली, आणि तेवढ्यावरून इंदिरा गांधींच्या गटाला अंतरात्म्याचा आवाज ऐकून मत द्या असं सांगायला निमित्त मिळालं.

तात्या: मग दोष कुठे दिसला तुला?

पुतणी: जे मोजलंच गेलं नाही त्यात. देशमुख बाद झाले, म्हणून त्यांच्या मतपत्रिकांवर दुसरं कोण ते उघड झालं. गिरी आणि रेड्डी शेवटपर्यंत टिकले, म्हणून त्यांच्या मतपत्रिकांवर दुसरं कोण हे पाहायची वेळच आली नाही. देशमुखांची गिरींशी एकट्याने गाठ पडली असती तर? रेड्डींशी पडली असती तर? उत्तर त्या कागदांवर असू शकत होतं, पण नियमाने ते विचारलंच नाही. अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहरात २००९ साली महापौरपदासाठी असंच झालं. तिथे पुढचे सगळे क्रम नंतर प्रसिद्ध झाले, आणि दिसलं की बाद फेरीत तिसरा ठरलेला मॉन्ट्रोल हा उमेदवार उरलेल्या दोघांनाही समोरासमोर हरवत होता. पुढच्याच वर्षी त्या शहराने ती पद्धत सोडली.

तात्या: आता मला दुसऱ्या बाजूने विचारू दे. अन्याय सोड, लबाडीचं बोल. मतदाराने मनातलं खरं लिहावं असा धीर ही पद्धत देते का? की लोकांना हिशोब करायला लावते?

पुतणी: आपल्याच गावाचं उदाहरण पुढे नेऊ. बाद फेरीत खालचीचा आला. वरचीच्या ४० जणांना तो सगळ्यांत नको होता. त्यांतल्या फक्त ८ जणांनी आपल्या आवडत्याला दुसरा आणि मधलीला पहिला क्रमांक दिला असता, तर? वरची ३२, मधली ३३, खालची ३५. वरची बाद होते, तिची मतं मधलीकडे जातात आणि मधलीचा सरपंच होतो.

तात्या: म्हणजे आवडत्याला खरं मत दिलं म्हणून नावडता आला.

पुतणी: त्याहून विचित्र आहे. त्या दिवशी पाऊस कोसळला आणि वरचीचे १६ जण मतदानाला आलेच नाहीत असं समजा. वरची २४, मधली २५, खालची ३५. वरची बाद, तिची २४ मधलीकडे जातात, मधली ४९ वर पोचते. ते १६ जण घरी बसले म्हणून त्यांना त्यातल्या त्यात हवासा निकाल लागला. आले असते, तर नको तो लागला असता.

तात्या: माणसाला मतदानाला बोलावायचं आणि तो आल्याने त्याचंच नुकसान करायचं, हे मी गावाला कोणत्या तोंडाने सांगू?

पुतणी: प्रत्येक निवडणुकीत असं होत नाही. तिघांकडेही बऱ्यापैकी मतं असतील, तेव्हा हा धोका जास्त येतो. पण येतो हे खरं.

तात्या: गुणांच्या रीतीचं काय? तिच्यात मधलीचा ठळक पुढे होता.

पुतणी: ती दिसायला सगळ्यांत गोड आणि फसवायला सगळ्यांत सोपी. वरची आणि खालची दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी ठरवलं की मधलीला मुद्दाम शेवटी ढकलायचं. ४० आणि ३५ जणांनी मधलीला तिसरा क्रमांक दिला. मधलीचे गुण १२५ वरून ५० वर येतात. खालची १२६, वरची १२४. सगळ्यांना दुसरा म्हणून चालणारा माणूस तळाला जातो, आणि ज्याला वरचीवाले सगळ्यांत नको म्हणत होते, त्याला त्यांनीच आपल्या हाताने २ गुणांनी निवडून आणलेलं असतं.

तात्या: आणि डमी उमेदवार?

पुतणी: तोही तिथे चालतो. मूळच्या १०० जणांनी खरे क्रम दिले, पण वरचीने स्वतःच्या उमेदवाराजवळच आणखी एक माणूस उभा केला. सगळे मतदार त्या दोघांना शेजारी-शेजारी ठेवतात, मूळचा आधी आणि डमी त्याच्यामागे. आता गुण ३, २, १, ०. बेरीज करून पाहा: वरचीचा मूळ उमेदवार १८९, मधली १८५. एकाही मतदाराचं मत बदललं नाही, एक अर्ज जास्त भरला गेला आणि निकाल फिरला.

तात्या: आपल्या रायगडने दुसऱ्या तऱ्हेचा प्रकार २०१४ ला पाहिला. लोकसभेला अनंत गीते २,११० मतांनी आले, आणि त्यांच्यापुढे हरलेल्या सुनील तटकऱ्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं पडली. हे आजच्या एका मताच्या रीतीत झालं. पसंतीक्रम असता तर ते टळलं असतं का?

पुतणी: काही अंशी. जो मतदार नावाला फसला, तो पहिला क्रमांक चुकीच्या माणसाला देऊन पुढे दुसरं नावच लिहिणार नसेल, तर त्याचं मत कुठलीच पद्धत वाचवणार नाही. पण ज्याने ते नाव आणि हे नाव असे दोन्ही क्रम दिले असते, त्याचं मत बाद फेरीत खऱ्या ठिकाणी पोचलं असतं. मतविभागणीवर बाद फेरी हा चांगला उतारा आहे. गुणांची रीत नाही.

तात्या: मग राहिली ती समोरासमोरची. तुझ्या मनात तीच आहे हे मघापासून कळतंय मला.

पुतणी: आहे. तिथे ढकलाढकली उलटते. खालचीच्या ३५ जणांनी मधलीला खोटंच शेवटी टाकलं, तर वरची मधलीला ७५-२५ ने हरवते, मधली खालचीला ६५-३५ ने, आणि खालची वरचीला ५१-४९ ने. कोणीच सगळ्यांना हरवत नाही. मग ज्याचा सगळ्यांत मोठा पराभव सगळ्यांत लहान, त्याला निवडायचं असा नियम असेल, तर वरची फक्त २ मतांनी हरलेली, म्हणून वरची येते. खालचीवाल्यांनी खोटं लिहिलं आणि त्यांना सगळ्यांत नको असलेलाच सरपंच त्यांच्या वाट्याला आला.

तात्या: पण तू आत्ता म्हणालीस ते पुन्हा म्हण. कोणीच सगळ्यांना हरवत नाही. खोटं न लिहिताही असं होऊ शकतं?

पुतणी: होऊ शकतं. समजा, वस्ती बसवायला तीन जागा आहेत: रस्त्यालगत, माळावर, शेताजवळ. तीन सारख्या संख्येच्या वाड्या आहेत. पहिलीचा क्रम रस्ता, माळ, शेत. दुसरीचा माळ, शेत, रस्ता. तिसरीचा शेत, रस्ता, माळ. दोन वाड्यांना माळापेक्षा रस्ता बरा वाटतो, दोन वाड्यांना शेतापेक्षा माळ, आणि दोन वाड्यांना रस्त्यापेक्षा शेत. जे ठरवाल, त्यावर दोनतृतीयांश गाव ‘यापेक्षा ते बरं’ म्हणणार.

तात्या: मग तुझी पद्धत हात टेकते.

पुतणी: ती खरं सांगते. इथे गावाचं एक मत नाही, हे ती लपवत नाही. बाद फेरी तिथे चिठ्ठी टाकून कुणाला तरी आधी बाहेर काढेल आणि शेवटी एक आकडा देईल. लोकांना वाटेल की कौल मिळाला.

तात्या: यात एक गोष्ट तू मतपत्रिकेच्या बाहेर ठेवली आहेस, आणि या गावात उभं राहून ती बाहेर ठेवता येणार नाही. तीन जागांपैकी एकीच्या डोक्यावर खचणारा डोंगर असेल, तर तिला कितीही पहिल्या पसंत्या मिळोत, तिचा उपयोग नाही. लोकांना शेत जवळ हवं असतं, गुरं जवळ हवी असतात, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली जागा सोडवत नाही. भूवैज्ञानिकांनी आधी सांगितलं पाहिजे की इथे घर बांधू नका. ते नाव मतपत्रिकेवर येताच कामा नये.

पुतणी: पटलं. आणि ती यादी कोण करतो, कोणत्या पाहणीवरून करतो, हे गावाला उघड दिसलं पाहिजे. नाहीतर नको असलेली जागा ‘धोक्याची’ म्हणून वगळायची युक्ती निघेल. पर्यायांची यादी करणाऱ्याच्या हातात मोजणाऱ्याइतकीच सत्ता असते.

तात्या: आता माझा खरा आक्षेप ऐक, मघापासून तोच सांगायचा होता. तू सगळं १०० मतदार धरून मोजलंस आणि प्रत्येकाचा क्रम तुला आधीच ठाऊक होता. पदवीधरात हजारो मतदार असतात. तिथे ८ जणांनी किंवा १६ जणांनी काय केलं तर निकाल फिरेल, हे कुणालाच आधी कळत नाही. म्हणून तिथे लबाडी करायची म्हटलं तरी जमत नाही. पण विधानभवनात बघ. २०२२ च्या जूनमध्ये राज्यसभेच्या सहा जागांना सात उमेदवार होते. शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. आले महाडिक. कारण गोयल आणि बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं दिलेली होती, आणि कोट्यावरची जादा मतं महाडिकांकडे वळली.

पुतणी: तो निकाल मला अन्यायाचा वाटत नाही. कोटा सुमारे ४१ होता. ४८, ४८ आणि २७ मिळून १२३, म्हणजे तीन कोटे. समोरच्या चौघांचे ४३, ४४, ४१ आणि ३३ मिळून १६१. चार कोट्यांना १६४ लागतात. तीन आणि तीन जागा हेच त्या मतांचं प्रमाण होतं. ३३ आणि २७ एवढंच पाहिलं, तर फसायला होतं.

तात्या: बेरीज बरोबर आहे. पण ती मतं जमली कशी? कोणत्या आमदाराने पहिला क्रमांक कुणाला द्यायचा, दुसरा कुणाला, हे पक्ष आधी ठरवून देतात. राज्यसभेला तर पक्षाच्या प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवावी लागते. विधान परिषदेला मत गुप्त, तर तिथे मतं फुटतात. २०२४ च्या जुलैत ११ जागांना १२ उमेदवार होते. आपल्या अलिबागचे शेकापचे जयंत पाटील १२ पहिल्या पसंत्यांवर थांबले आणि पडले. सदाभाऊ खोतांना १४ होत्या, ते दुसऱ्या पसंतीवर आले. मतदार २७४, आणि प्रत्येकाचं नाव सगळ्यांना पाठ. असा मतदार थोडा आणि ओळखीचा असला की ही पद्धत मतदाराच्या हातून निघून हिशोब ठेवणाऱ्याच्या हातात जाते. आता सांग, आपल्या ग्रामपंचायतीचा प्रभाग कशासारखा आहे? हजारो पदवीधरांसारखा, की २७४ आमदारांसारखा?

पुतणी: आमदारांसारखा. गावात पुढारी घरं मोजूनच सांगतात, कुठून किती पडणार ते.

तात्या: आणि त्याहून वाईट ऐक. चार उमेदवार असतील तर क्रम लावायच्या तऱ्हा किती?

पुतणी: पूर्ण क्रमाच्या २४.

तात्या: म्हणजे मी पैसे देणारा असेन, तर एका घराला सांगेन: पहिला माझा माणूस, मग तिसऱ्या नंबरचा, मग दुसरा, मग चौथा. दुसऱ्या घराला वेगळा क्रम सांगेन. मोजणीच्या टेबलावर माझा प्रतिनिधी बसलेला असेल. तो क्रम दिसला की त्या घराने शब्द पाळला, नाही दिसला की मोडला. आज एका बटणाच्या मतात कोणाचं मत कुठे गेलं ते कळत नाही. तुझ्या मतपत्रिकेवर गरीब माणसाची सही होईल. रस्त्याच्या कामावर ज्याच्या हाताखाली तो जातो, त्याला ती वाचता येईल.

पुतणी: तात्या, गणिताच्या पुस्तकांत हा दोष बऱ्याचदा तळटीपेत जातो, गावात तो पहिल्या पानावर हवा. १९७३ साली गिबर्ड आणि १९७५ साली सॅटरथ्वेट यांनी दाखवून दिलं की तीन किंवा अधिक जण निवडून येण्याजोगे असतील, तर एकाच माणसाच्या मर्जीवर चालणारी सोडून पसंतीक्रमाची प्रत्येक ठराविक पद्धत कधी ना कधी खोट्या क्रमाला फायदा देते. एका बटणाचं मतही त्यातून सुटत नाही. ‘आपला येत नाही तर निदान त्याला पाडू’ म्हणून आपण रोज तेच करतो. त्यामुळे बिनदोष पद्धत शोधण्यात अर्थ नाही. कोणता दोष कुणाच्या हातात हत्यार देतो, हे पाहायचं. आणि ते मतदार किती आहेत आणि कुणाला कुणाचं मत आधी कळतं यावर ठरतं, हे तुमचं म्हणणं मी घेते.

तात्या: मग सरपंचाला पसंतीक्रम नको, हे मान्य?

पुतणी: नाही. अटी घालून हवा. सगळे क्रम मागू नयेत, पहिली आणि दुसरी पसंती एवढंच. मग चार उमेदवारांतही दोन नावांच्या तऱ्हा फक्त १२ राहतात आणि सही ओळखणं बरंच अवघड होतं. दुसरं, प्रभागाप्रभागाच्या मतपत्रिका वेगळ्या न मोजता सगळ्या गावच्या एकत्र मिसळूनच मोजायच्या. तिसरं, कुणालाच अर्ध्याहून जास्त पडली नाहीत, तरच दुसरी पसंती उघडायची.

तात्या: एवढं करूनही मधलीवाला पहिल्या फेरीत बाहेर जाईल तो जाईलच.

पुतणी: जाईल. म्हणून शेवटच्या तिघांची समोरासमोर बेरीज करा म्हणते मी. तीन उमेदवार म्हणजे तीनच जोड्या, हातानेही मोजता येतात. १२ उमेदवार असतील तर ६६ जोड्या होतात, ते तहसीलला झेपणार नाही.

तात्या: मला अजून पटत नाही. गावात हरलेल्या माणसाला निकाल समजला पाहिजे, हे मी सगळ्यांत वर ठेवतो. ज्याला निकाल समजत नाही, तो कोर्टात जातो किंवा पाच वर्षं गावाशी बोलत नाही. सरपंचाची रीत आत्ता बदलू नये असंच माझं मत राहील.

पुतणी: आणि ५१ जणांना सगळ्यांत नको असलेला सरपंच पाच वर्षं बसू नये, असं माझं. पण एका गोष्टीवर आपण दोघं एकत्र येऊ शकतो. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत ही पद्धत आजच आहे. तिथे लोकांनी क्रम लिहून दिलेलेच असतात. नियमाला गरज नसली की ते वाचले जात नाहीत. निकाल जाहीर झाल्यावर पुढच्या उमेदवारांच्या जोड्यांचे आकडे आयोगाने मोजून छापावेत: अमुक विरुद्ध तमुक, किती मतदारांनी कुणाला वर ठेवलं. निकाल बदलणार नाही. पण नियमाने लोकांच्या मनाप्रमाणे केलं की मनाविरुद्ध, हे प्रत्येक वेळी कळेल.

तात्या: आणि माझी सहीची भीती?

पुतणी: प्रत्येक मतपत्रिकेचा पूर्ण क्रम छापला तर ती खरी ठरेल. जोड्यांच्या बेरजा छापल्या तर कुठल्या घराने कोणता क्रम लावला ते त्यातून ओळखता येत नाही. १९६९ साली जे विचारलं गेलं नाही, त्याचं उत्तर मिळेल आणि गरिबाचं मत झाकलेलं राहील.

तात्या: एवढं मला चालेल. त्यासाठी आधी पद्धत बदलायला नको, आणि पुढे बदलायची झालीच तर नुसत्या तर्कावर भांडावं लागणार नाही, आपल्याच मतदारसंघाचे आकडे समोर असतील. कोकण पदवीधरची मागची निवडणूक २०२४ ला झाली, पुढची २०३० ला येईल. अर्ज तू लिही, पदवीधर मतदार म्हणून पहिली सही मी करतो. आणि अर्जात एक ओळ माझ्याकडून घाल: ज्यांनी क्रम लिहून दिला, त्यांचा पूर्ण क्रम वाचला जाणं हा मतदाराचा हक्क आहे.